आप्पांची उन्हातली परीक्षा

किस्से कसे साठतात ते मला विचाराल तर गोचिडींसारखे! जनावराच्या अंगावरून हात फिरवताना एक सापडते. ती काढावी तर शेजारी दुसरी, कानामागं चार, आणि शेपटीखाली बघितलं तर अख्खी वस्ती! आमच्या कट्ट्याचंही तसंच आहे. एक किस्सा सांगायला घेतला की पाच हाताला लागतात.

पूर्वी ते ऐकायला घरात माणूस होतं. ते गेल्यावर मी किस्से तांब्याला सांगायचो. तांब्या म्हणजे आमचा वळू. ऐकताना कान हलवायचा, मध्ये तोंड घालायचा नाही, आणि 'हा मागच्याच आठवड्यात सांगितला होता' असं तर चुकूनही म्हणायचा नाही! आता तांब्याही नाही, म्हणून तुम्हाला धरलंय. बसा.

आधी आम्ही कोण ते सांगतो. माझी सगळी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात गेली, आखाडा बाळापूरच्या आसपासच्या गावांत. हुद्दा पशुधन पर्यवेक्षक. पण गावात सुई टोचतो तो डॉक्टर! खरे डॉक्टर शेजारी उभे असले तरी लोक मलाच डॉक्टर म्हणायचे आणि ते बिचारे दुसरीकडं बघायचे. रिटायर झालो तरी नाव सुटलं नाही. दुसरे केरबा आप्पा. मेंढरं आणि दहा-बारा तांबड्या गाई राखत म्हातारे झाले. जनावर पाहावं तर आप्पांनी. तिसरी गयाबाई. पाच गाई, दोन एकर रान, नवरा तरुणपणीच गेलेला, आणि तोंड असं की तलाठीसुद्धा तिच्या गल्लीतून जाताना मोबाइल कानाला लावतो.

आम्हा तिघांचा उद्योग एकच. आमच्याकडची तांबड्या गाईंची लाल कंधारी जात टिकवायची. दूध बेताचं, पण ऊन, उपास, गोचीड कशालाच दाद देत नाही. त्यातली काटक तेवढी निवडायची, आणि काटक वळू ठेवायचा.

* * *

नोकरीला नवीन लागलो होतो तेव्हाची गोष्ट. ट्रेनिंगहून ताजा आलेलो. खिशात मोजपट्टी, हातात तक्ता, पायात बूट! आप्पांच्या खळ्यात चार गोऱ्हे होते, त्यातून एक वळू म्हणून ठेवायचा होता. मी छाती मोजली, उंची मोजली, आणि सगळ्यात देखण्यावर बोट ठेवलं. काय अंग होतं! तेल लावल्यासारखं चकचकीत.

आप्पा म्हणाले, "साहेब, वळू ठेवायचा का त्याची वरात काढायची?"

मग त्यांनी चौघांना भर वैशाखातल्या दुपारी उघड्या खळ्यात खुंट्यांना बांधलं. स्वतः कडुलिंबाखाली बसले. तळहातावर तंबाखू घेतला, चुना लावला आणि मळायला लागले. नजर मात्र एका गोऱ्ह्याच्या कुशीवर. बरगड्यांच्या मागं ती खोलगट जागा असते ना, श्वासाबरोबर वरखाली होते, तिथं. तंबाखू मळून होईस्तोवर कूस किती वेळा हलली ते मोजायचं. मग नवा तंबाखू, दुसरा गोऱ्हा.

मी म्हणालो, "आप्पा, माझं घड्याळ घ्या की."

"ऱ्हाऊ द्या. तंबाखू मी लहानपणापासून एकाच चालीनं मळून राहिलो."

अर्ध्या तासात माझ्या देखण्या गोऱ्ह्यानं तोंड उघडलं, जीभ बाहेर काढली, लाळेची तार जमिनीला टेकली. कूस भात्यासारखी चाललेली. आणि चौथा, कान फाटलेला, धुळीनं माखलेला, ज्याच्याकडं मी पाहिलंही नव्हतं, तो त्या उन्हात डोळे मिटून रवंथ करत होता!

"ह्यो," आप्पा म्हणाले.

एक गोष्ट सांगून ठेवतो. आप्पांच्या परीक्षेत नापास झालेल्या जनावराला शिवी नसते. काठी तर नसतेच. त्याला आधी सोडायचं, सावलीत न्यायचं, पाणी पाजायचं. मी विचारलं, काहून? तर म्हणाले, "त्याचा काय गुन्हा? त्याला एकट्याला उन्हात ठेवायचं न्हाई, येवढंच ध्यानात ठेवायचं."

हे सगळं मी उन्हात उभा राहून तक्त्यावर लिहीत होतो. डोक्यावर टोपी नाही. लिहिता लिहिता अक्षरं फिरायला लागली. आप्पांची नजर माझ्या बरगड्यांकडं गेली, आणि ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "अरे, साहेब बी नापास! आना त्यान्ला सावलीत!"

पुढं पंधरा दिवस ज्या गावात जाईन तिथं लोक आधी माझ्यासाठी सावली शोधायचे.

* * *

गयाबाईच्या जावयानं एकदा हिंगोलीहून तिला संकरित गाय आणून दिली. चांगल्या मनानं दिली, सासूला दूधदुभतं व्हावं म्हणून. दूध होतंही बादलीभर. पण गाईबरोबर टेबलफॅन आला! तिला गरम सोसत नाही, गोठ्यात दुपारी पंखा पाहिजे, असं जावयानं बजावून सांगितलं.

एका दुपारी मी तिकडून चाललो होतो. लाईट गेलेली. गोठ्यात डोकावलो तर गयाबाई दोन्ही हातांनी सूप धरून गाईला वारा घालतेय! कपाळावरून घाम गळतोय, पदर खोचलेला, आणि गाय आरामात डोळे मिटून उभी.

"गयाबाई, हे काय?"

"बोलू नका डॉक्टर! सासूला दमा व्हता, सात वर्सं खाटंवर व्हती. तिला बी इतका वारा घातला न्हाई. ती वरून बघून राहिली असंल आन् म्हणत असंल, बराबर हाय!"

आठ दिवसांत गाय परत गेली. जावई म्हणाला, "मामी, पंखा तरी ठेवा." गयाबाई म्हणाली, "न्या. तिलाच लागंल. मला लिंबाची सावली हाय."

मग आप्पांनी तिला एक तांबडी कालवड दिली. तिला कुठला पंखा! उलट तीच शेपटीनं गयाबाईला वारा घालते, असं गयाबाई सांगते. मी काही पाहिलेलं नाही.

* * *

वळू निवडणं सोपं. ठेवणं अवघड. वळू सगळ्यांचा असतो, वैरण मात्र कुणाचीच नसते!

त्यात एक नियम मीच घातला होता. वळू एका कळपात तीन वर्षं. त्याच्या पहिल्या लेकी माजावर यायच्या आत त्याला दुसऱ्या कळपात जायचं आणि तिकडचा इकडं आणायचा. बाप-लेकीच्या पोटी वासरू आलं की जात बसते, काटकपणा जातो. पुसेगावच्या उत्तमरावांकडं आमच्यासारखाच तांबडा कळप होता, त्यांच्याशी अदलाबदल ठरली. नियम सगळ्यांना पटला. पण वळू बांधायचा कुणाच्या दारात, म्हटल्यावर सगळे आपापल्या चपला शोधायला लागले.

माझी बायको सुमन चहा घेऊन बाहेर आली होती. म्हणाली, "आणा हिकडं. दोन भाकरी जास्त थापीन."

तेव्हापासून वळू आमच्या दारात. सकाळी सुमन शिळ्या भाकरीचा कुटका घेऊन जायची. एवढं थोरलं धूड, वशिंड हे असं, शिंगांनी भिंत पाडील असा, तो हिच्या हातून कुटका मांजरासारखा अलगद घ्यायचा.

तीन वर्षांनी तो पहिला वळू पुसेगावला निघाला. आमच्या पोरीच्या लग्नात सुमन रडली नव्हती. बायकांनी नावं ठेवली होती, पण नाही रडली. आणि वळू टेम्पोत चढला तशी दाराला धरून हमसून हमसून रडायला लागली. मी खवळलोच. "अगं, लोक काय म्हणतील? पोरीच्या वेळी डोळ्यात पाणी न्हाई, आन् बैलासाठी रडून राहिलीस?"

तर म्हणाली, "पोरगी फोन करती. ह्यो करील का?"

* * *

बदल्यात पुसेगावहून आलेल्या वळूची पाळी संपल्यावर जो आमच्या कळपातला गोऱ्हा ठेवला, त्याचं काय सांगू! आप्पांच्या परीक्षेत पहिला. तंबाखू मळून झाला तरी कूस जेमतेम हललेली. रूप देखणं, स्वभाव संत. आम्ही तिघंही खूष.

कनेरगाव नाक्याचा एक ढाबेवाला एवढ्या लांबून टेम्पोत गाय घालून घेऊन आला. वळूची कीर्ती त्याच्यापर्यंत गेलेली. गाय उतरवली, वळूसमोर उभी केली. वळूनं तिच्याकडं पाहिलं. मग खाली बसला आणि रवंथ करायला लागला!

पाच मिनिटं गेली. अर्धा तास गेला. गाईलाही कंटाळा आला असावा, तिनं पुढं होऊन त्याच्या पुढ्यातला कडबा खायला सुरुवात केली. हे महाराज उठले, आणि दोघं शेजारी शेजारी उभे राहून कडबा खायला लागले, लग्नाच्या पंगतीसारखे.

ढाबेवाला माझ्याकडं बघतोय, मी आप्पांकडं बघतोय, आप्पा जमिनीकडं बघताहेत. शेवटी आप्पा हळूच म्हणाले, "उन्हात पास हाय..."

गयाबाई म्हणाली, "पास हाय, पन डॉक्टरची संगत लागली त्याला. नुसती वही भरायची!"

गाई कधी भरल्या, कधी व्यायल्या त्याची वही मी ठेवतो ना, ती. स्वयंपाकघरातून सुमनचं हसणं ऐकू आलं. ती हसायला लागली की थांबायची नाही, मग ठसका लागायचा, मग त्या ठसक्याला हसायची. त्या वळूला पुढं आम्ही औताला लावलं, तिथं त्यानं नाव काढलं. पण घरात ते हसणं पुन्हा ऐकायला मिळत नाही, याची तकलीफ काय असते ते मला विचारा.

* * *

तांब्याला सुमननं निवडलं.

झालं असं की दोन गोऱ्हे अगदी बरोबरीत आले. आप्पांनी तीनदा तंबाखू मळला. तिन्ही वेळा दोघांची कूस सारखीच हलली. आप्पा डोकं खाजवायला लागले. मी तक्ता काढला, तर आप्पा आणि गयाबाई एकदमच म्हणाले, "ठिवा ते!"

सुमन म्हणाली, "अहो, मी बघू का?"

तिनं मागल्या वर्षीचा काळा पडलेला कडबा दोघांपुढं टाकला. एका गोऱ्ह्यानं हुंगला आणि तिच्या हाताकडं बघत बसला, आता चांगलं कायतरी देईल म्हणून. दुसऱ्यानं खाली मान घातली आणि तोच कडबा कुरुकुरु खाऊन टाकला.

"ह्यो घ्या. दिलं ते खातोय, कुणाच्या तोंडाकडं बघत न्हाई."

आप्पा म्हणाले, "वैनी, आमी तीस वर्सं उगंच उन्हात बसलो!"

सुमन माझ्याकडं बोट करून म्हणाली, "मला सवय हाय आप्पा. ह्यान्लाबी अशीच परीक्षा घेऊन पास केलं व्हतं."

त्याच पावसाळ्यात ती गेली. चार दिवसांचा ताप. नांदेडला नेलं, पण परत आणताना ती बोलत नव्हती.

तेरा दिवस घर भरलेलं होतं. मग पोरगी पुण्याला गेली, पाहुणे गेले, सतरंज्या ज्यांच्या त्यांना गेल्या. मागोमाग गावात जनावरांना लंपीची साथ आली. तांब्याच्या अंगावर सुपारीएवढ्या गाठी उठल्या, पाय सुजला. मी दिवसभर त्याच्यापाशी बसून राहायचो. लोकांना वाटायचं डॉक्टरला जनावराची केवढी काळजी! काळजी होतीच. पण खरं सांगू? घरात बसवत नव्हतं. तो बरा झाला, आणि माझी सवय तशीच राहिली.

सकाळी त्याला शिळ्या भाकरीचा कुटका लागायचा, सुमनच्या हातची सवय. पण एकट्या माणसाच्या घरात शिळी भाकरी येणार कुठून? मी खिचडी टाकायचो आणि ती पातेल्यातच खायचो. मग मी संध्याकाळी गयाबाईकडं जायचो, एक गरम भाकरी मागून आणायचो, आणि सकाळपर्यंत शिळी व्हायला ठेवून द्यायचो!

गयाबाईला हे कळलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. "अवो डॉक्टर, ताजी तुमी खावा! शिळी मी देते की सकाळी, ढीग पडलाय!"

मी म्हणालो, "न्हाई. त्याला आमच्या घरात शिळी झालेली लागती."

गयाबाईनं पुन्हा कपाळावर हात मारला आणि भाकरी माझ्या हातात ठेवली.

* * *

पोरगी पुण्याहून रोज व्हिडिओ कॉल करते. "बाबा, जेवलात का? बाबा, इकडं या ना." मी म्हणतो, मी ठणठणीत आहे, मला काय धाड भरलीय! आणि विषय बदलायला फोन तांब्याकडं फिरवायचो. नात बघून बघून खूष. नातीला माझ्या तोंडापेक्षा तांब्याचं तोंड जास्त पाठ झालं.

तिच्या शाळेत बाईंनी मुलांना घरच्या माणसांविषयी विचारलं. हिला विचारलं, "तुझे आजोबा काय करतात?"

"तांब्याला सांभाळतात."

"अरे वा! आणि आजोबांना कोण सांभाळतं?"

"तांब्या!"

पोरीनं हे मला हसत हसत सांगितलं. मीही हसलो. मग तिनं लगेच फोन ठेवला.

* * *

आता माझा स्वतःचा किस्सा. हा मी तांब्यालाही सांगितलेला नाही.

तांब्याची तीन वर्षं भरली. उत्तमरावांचा पुसेगावहून फोन आला, "डॉक्टर, आमच्या वळूच्या लेकी मोठ्या व्हायल्यात. कधी करायची अदलाबदल?"

मी म्हणालो, "घाई काय? हिकडच्या कालवडी लहान हाएत अजून."

महिन्यानं परत फोन. "लहान हाएत." पुन्हा दोन महिन्यांनी. "अजून लहानच हाएत!" उत्तमराव भला माणूस. म्हणाला, "काय खाऊ घालून राहिले तुमी त्यान्ला, वाढत कशा न्हाईत?"

नियम माझाच, तो मोडायची सोय नाही. मग मी काय केलं असेल? आमची पैदाशीची वही उंदरांनी कुरतडली असं सगळ्यांना सांगितलं आणि नवीन वही उतरवून काढली. आमच्या घरात उंदीर नाहीत. नव्या वहीत तांब्याच्या सगळ्या लेकी एकदम वर्षानं लहान झाल्या! अक्षर सुंदर काढलं. वही कट्ट्यावर दाखवली. आप्पांना वाचता येत नाही, त्यांनी मान हलवली. गयाबाईनं पानं उलटली आणि काही बोलली नाही. ती काही बोलली नाही तेव्हाच मला कळायला हवं होतं.

एका दुपारी ती आमच्या दारात उभी. हातात कासरा, कासऱ्याला मंजी. मंजी म्हणजे तांब्याची थोरली लेक. मागं आप्पा.

"भरवायला आणलीय," गयाबाई म्हणाली.

मंजी ओरडत होती, शेपटी वर. आंधळ्यालाही कळेल की कालवड माजावर आहे. आणि खुंट्याला बांधलेला तांब्या हिसके देत होता, पायानं माती उकरत होता.

मी म्हणालो, "गयाबाई, कशी काय... लहान हाय ती."

"व्हय की. तुमच्या वहीत दीड वर्साची हाय. दीड वर्साची कालवड माजावर येती का? न्हाई येत. मंग भ्यायचं काहून? सोडा तांब्याला. हिंडतील दोगं जरा."

आप्पांनी पुढं होऊन मंजीच्या तोंडात बोटं घातली, खालचा ओठ ओढला आणि माझ्याकडं फिरवला. पुढचे दोन मोठे दात पांढरेशुभ्र!

आता मला सांगा, याला काय म्हणायचं? आयुष्यभर मी गावोगाव लोकांना दातांवरून जनावराचं वय ओळखायला शिकवलं. दोन दात आले म्हणजे अडीच वर्षं झाली, हे ओरडून ओरडून सांगितलं. आणि वहीत वय चोरताना एवढं विसरलो की खरी तारीख कालवडीच्या तोंडातच असते!

गयाबाईनं कासरा सैल सोडला. मंजी दोन पावलं पुढं गेली. तांब्यानं असा हिसका दिला की खुंटा कलला. मी मध्ये आडवा झालो. "नका! धरा तिला! तिचा बाप हाय तो!"

गयाबाईनं लगेच कासरा आवळला. तिनं तो सोडलाच नव्हता, मनगटाला दोन वेढे होते.

"म्हाइती हाय," ती म्हणाली. "तुमच्या तोंडून ऐकायचं व्हतं."

मी खाली बसलो. वाटलं आता ही तोंड सोडील. पण ती म्हणाली, "डॉक्टर, करमत न्हाई म्हणून सांगायचं की सरळ. वही काहून नासवली?"

काय सांगणार? जन्मभर लोकांना सांगितलं, काटक निवडा, काटक ठेवा. त्याच माणसानं कट्ट्यावर बसून म्हणायचं, मला एकटं राहवत नाही? लाज वाटली, दुसरं काय! मी त्यांच्यासमोरच उत्तमरावांना फोन लावला आणि म्हणालो, या, घेऊन जा.

* * *

उत्तमराव दुसऱ्याच दिवशी सकाळी पिकअप घेऊन आले. त्यांचा वळू आठ दिवसांनी येणार होता, त्याची लस राहिली होती. मी तांब्याला भाकरीचा कुटका दिला. आमच्याच घरात शिळी झालेली. त्यानं ती अलगद घेतली. फळी लावली तसा तो आपल्या पायांनी वर चढला, पुढ्यातल्या कडब्यात मान घातली आणि खायला लागला. गाडी सुरू झाली, फाट्याकडं लागली, तरी त्यानं डोकं वर केलं नाही. दिलं ते खातो, कुणाच्या तोंडाकडं बघत नाही! सुमनची निवड चुकली नव्हती. त्यानं मागं पाहिलं असतं तर मीच म्हणालो असतो, कच्चा निघाला. पण थोडं तरी बघायचं ना!

दुसऱ्या दिवशी जेवण झालं नाही. भर दुपारी मी अंगणात रिकाम्या खुंट्यापाशी पालथ्या घमेल्यावर बसलो होतो. लिंबाची सावली दहा पावलांवर होती, तिथं जावंसं वाटलं नाही. पोरीचा फोन आला. "बाबा, कसे आहात?"

"ठणठणीत!"

"तांब्या गेला ना? इकडं या आता."

"अगं, मला काय झालंय? मी काटक माणूस आहे. ठेव."

फोन खिशात टाकला आणि वर बघितलं तर लिंबाखाली आप्पा आणि गयाबाई बसलेले. केव्हा आले, फाटक केव्हा वाजलं, पत्ता नाही. कुणी रामराम केला नाही. गयाबाई गुडघ्यांना मिठी मारून बसली होती. आप्पांच्या तळहातावर तंबाखू होता, आणि ते मळत होते. नजर माझ्या तोंडाकडं नव्हती. जरा खाली होती.

मला कळलं! मी पाठ ताठ केली. सदरा नीट ओढला. आणि श्वास रोखून धरला.

पण आप्पांचा तंबाखू संपेचना हो! एकाच चालीनं मळणारा माणूस तो, अंगठा चालूच, चालूच. माझ्या डोळ्यांपुढं खुंटा हलायला लागला. शेवटी श्वास सुटला. सुटला तो हुंदका होऊनच सुटला, आणि मग एकामागून एक, मला काही आवरता येईना.

आप्पांनी तंबाखू तोंडात टाकला. दोन्ही तळहात एकमेकांवर झाडले.

"नापास," ते गयाबाईला म्हणाले.

गयाबाई उठली, उन्हात आली, माझा हात धरला आणि मला सावलीत नेलं. आप्पांनी पाण्याची चरवी पुढं सरकवली.